दादांसमोर तोंड उघडायचं कसं

ट्रॅक्टर सर्व्हिसिंगला आला की मडगार्डच्या आतून चिखलाचे गोळे निघतात. वाळून दगड झालेले. पाण्याचा पाइप धरला की एकेक सुटतो, एक काळ्या रानाचा, एक नदीकाठचा, एक कुठला ते मालकालाही सांगता येत नाही. किस्स्यांचंही तसंच. रोज कामावर जाता-येता कळत नाही, पण आतल्या बाजूला थर बसत जातात. आज मी पाइप लावलाय. अंगावर उडालं तर मला बोलायचं नाही.

माजलगावच्या बायपासला आमचं ट्रॅक्टरचं शोरूम आहे. पुढं काच, मागं वर्कशॉप आणि मध्ये दादा. दादा म्हणजे मालक. एकेकाळी पंचायत समितीत होते. पद गेलं, आवाज राहिला. दोन माणसांशी बोलायचं असलं तरी मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे असं बोलतात.

मी तिथं सर्व्हिसचं बुकिंग बघतो. इंजिनीअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. कावून सोडलं ते विचारू नका, गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचं विचारून झालंय. शोरूममध्ये मला ‘इंजिनीअर’ म्हणतात. शिवी द्यायची ही सभ्य पद्धत.

बाकी माणसं म्हणजे वर्कशॉपचे मुख्य मिस्त्री रशीदचाचा, जुने ट्रॅक्टर एक्स्चेंजमध्ये घेणारे गणपतमामा आणि फोनच्या टेबलावर सीमाताई. कंपनीच्या बोर्डवर आमची पदं इंग्रजीत लिहिलीत. ती वाचून चाचा म्हणाले, “हे कोण हायेत बे? नवे आलेत का?”

तर दादांनी जाहीर केलं की दिंद्रुडला शाखा काढायची. शाखेला इनचार्ज लागणार. सीमाताईला ती जागा पाहिजे होती. हे मला माहीत होतं, चाचांना माहीत होतं, मामांना माहीत होतं, समोरच्या चहावाल्याला माहीत होतं. एकट्या दादांना माहीत नव्हतं. कारण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि कुणी सांगितलं नव्हतं, कारण दादांना काही सांगायचं कसं, हे आजपर्यंत कुणालाच कळलेलं नाही!

* * *

दर सोमवारी सकाळी आमची मीटिंग असते. शोरूमच्या मधोमध नवा ट्रॅक्टर उभा असतो, त्याच्या एका बाजूला दादा आणि दुसऱ्या बाजूला आम्ही. दादा बोलतात. ऊस, पाऊस, राजकारण, मग विक्री, मग पुन्हा राजकारण. शेवटी म्हणतात, “कुणालाकाहीबोलायचंयकान्हाईनाचला.”

मी मुद्दाम जोडून लिहिलंय. ते असंच बोलतात. प्रश्न, उत्तर आणि निकाल एका श्वासात. मधे बोट घालायला फट नाही.

एकदा सीमाताईनं ठरवलंच होतं. दादा ‘कुणाला’ म्हणाले तेव्हाच तिनं तोंड उघडलं. दादांनी बघितलं. म्हणाले, “हां पोरी, बरी आठवण केलीस. चहा सांग.”

तिनं चहा सांगितला. सगळ्यांसाठी!

* * *

चाचा आणि दादा एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण जुनं आहे. कशावरून झालं ते मी दोघांनाही वेगवेगळं विचारलंय. दादा म्हणाले, “त्येला माहीत असंल.” चाचा म्हणाले, “उनको मालूम होगा.” म्हणजे मुद्दा हरवलाय, भांडण जपून ठेवलंय. आमच्याकडच्या मोठ्या माणसांची हीच तर कमाई!

पण धंदा एकत्र म्हटल्यावर बोलावं तर लागतंच. मग मधे कुणीतरी उभं राहायचं. दादा त्याला म्हणणार, “चाचांना सांग, उमापूरवाल्याचा ट्रॅक्टर आज द्यायचा हाय.” चाचा हातभर अंतरावर उभे. ते म्हणणार, “दादांना सांग, क्लचप्लेट आली न्हाई.” मधला माणूस नुसता मान हलवतो. मी सहा महिने हे काम केलंय. पदवी लागत नाही.

एकदा जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपमध्ये हे दोघंच होते. मधे कुणीच नाही. मी खिडकीतून बघत होतो. दादा बराच वेळ घुटमळले. शेवटी समोरच्या उघड्या बॉनेटला म्हणाले, “विचार बरं चाचांना, गुडघा कसा हाय.”

चाचांनी पान्याने इंजिनावर टकटक केलं आणि इंजिनालाच म्हणाले, “सांग दादांना, थंडीत दुखतो.”

“सांग, तेल धाडून देतो म्हणावं. घरचं हाय.”

“सांग, मागच्या बारीचं अजून हाय म्हणावं.”

तेवढ्यात ट्रॅक्टरचा मालक आत आला. दोघांकडं बघितलं, ट्रॅक्टरकडं बघितलं आणि मला हळूच विचारलं, “काय झालंय माझ्या गाडीला?”

मी म्हणालो, “काही न्हाई. निरोप घेऊन-देऊन दमलीय.”

* * *

आता ‘हो दादा’ची गोष्ट. आमच्याकडं ‘हो दादा’ हे उत्तर नसतं, ती खोकल्यासारखी गोष्ट असते. आपोआप येते.

कंपनीचे एरिया मॅनेजर एकदा फोनवर दादांना शोरूमच्या डिस्प्लेवरून काहीतरी बोलले. दादा तापले. फोन ठेवला आणि आमच्यावर ओरडले, “रोज एक नवं खूळ! आता काय सगळ्या ट्रॅक्टरची तोंडं भिंतीकडं करून ठिवू का?”

मामा म्हणाले, “हो दादा.”

चाचा बॉनेटला म्हणाले, “हो म्हणावं.”

दादा तणतणत जेवायला घरी गेले. आणि सांगितलेलं काम करायचं, ही आमच्या शोरूमची शिस्त. आम्ही सगळे ट्रॅक्टर फिरवले. रस्त्याकडं पाठ, भिंतीकडं तोंड. वर्गात शिक्षा झालेल्या पोरांची रांगच जशी.

तुम्ही विचाराल, इंजिनीअर, तू कावून गप्प होतास? मला पुढं काय होतंय ते बघायचं होतं.

दादा परत आले. बघितलं. त्यांना वाटलं, आपण जेवायला गेलो तेव्हा कंपनीचा हुकूम आला असणार. विचारलं असतं तर आपल्याला माहीत नाही हे दिसलं असतं. म्हणून त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, “हां. आता बरं दिसतंय.”

आठवड्यानं एरिया मॅनेजर आले. त्यांना वाटलं, ही दादांची आयडिया. दादा राजकारणातले, त्यांना ‘असं का’ विचारायचं म्हणजे नसती आफत. तेही म्हणाले, “वेगळं आहे. व्हेरी फ्रेश.” फोटो काढला आणि सगळ्या डीलरांच्या ग्रुपवर टाकला.

आमचे ट्रॅक्टर पुढच्या सोमवारी सरळ झाले. एका आजीनं दारातून विचारलं होतं, “रुसलेत काय रं हे?” दादांना ते लागलं. पण शेजारच्या तालुक्यातल्या शोरूममध्ये मी परवा गेलतो. तिथं अजूनही सगळे ट्रॅक्टर भिंतीकडं तोंड करून उभेत. मालकाला विचारलं, असं कावून? तो छाती काढून म्हणाला, “वरून ऑर्डर हाय!”

* * *

असल्या कारभारावर कंपनीनं औषध धाडलं. पुण्याहून एक ट्रेनर आला. कडक इस्त्री, कानाला माइक. विषय होता ‘कामाच्या ठिकाणी आत्मविश्वासाने संवाद’. पुढच्या खुर्चीत दादा बसले. मागं आम्ही. आता मला सांगा, ज्याच्यामुळं आत्मविश्वास जातो तोच पुढच्या खुर्चीत बसल्यावर तो यायचा कुठून?

ट्रेनर म्हणाला, “बोलताना समोरच्याच्या डोळ्यात बघा. जोड्या करा.” चाचा आणि मामांची जोडी झाली. दोघंही हट्टी. कुणी पापणी लववायला तयार नाही. दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ट्रेनरला वाटलं, भावना उफाळून आल्या. तो हळवा होऊन म्हणाला, “मामा, काय जाणवतंय?”

मामा म्हणाले, “साहेब, बैलाच्या डोळ्यात इतकं बघितलं असतं तर एव्हाना शिंग घातलं असतं त्यानं.”

मग ट्रेनरनं ‘नाही’ म्हणायला शिकवलं. म्हणे, आत्मविश्वासाची पहिली पायरी म्हणजे ठाम नकार. “आता तुमचे सर तुम्हाला एक प्रश्न विचारतील. सगळ्यांनी मिळून, मोठ्यानं, न घाबरता ‘नाही’ म्हणायचं. म्हणणार ना?”

“हो दादा!” आम्ही म्हणालो. ट्रेनरला.

दादा उठले. आमच्याकडं वळले. मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, “उद्या सुट्टी पाहिजे का रे?”

“नाही!” आम्ही ओरडलो. काच हादरली.

“शाब्बास,” दादा म्हणाले आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता!

* * *

आता मी सीमाताईबद्दल सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की ती मुळातच गरीब गाय आहे. तिला फोनवर ऐकायला पाहिजे.

उसाच्या हंगामात भरल्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर रस्त्यात बंद पडला की ड्रायव्हर आम्हाला फोन करतो. मागं वाहनांची रांग, पुढं कारखाना, डोक्यावर ऊन. तो फोन म्हणजे शिव्यांचा पाट असतो. मी उचलला तर मी दुप्पट देतो. एकदा दिंद्रुडकडच्या एका ड्रायव्हरनं तिला फोनवर असं झोडपलं की मी टेबलापाशी उभा राहून ऐकत होतो आणि माझेच कान तापले. त्याचा श्वास संपला तेव्हा ती म्हणाली, “दादा, पाणी पिलात का?”



“न्हाई,” तो म्हणाला. आवाज एकदम खाली.

“आधी पाणी प्या. मी धरून हाय फोन.”

तो खरंच पाणी पिऊन आला. मग तिनं चार प्रश्न विचारले, आवाज कुठून येतो, धूर कसला होता. चाचांना मोटारसायकलवर धाडलं. तो माणूस आजही शोरूमला फोन करतो तेव्हा म्हणतो, “पाणीवाल्या ताईला द्या.” दिंद्रुडच्या पट्ट्यात अर्ध्या गिऱ्हाइकांना शोरूमचं नाव आठवत नाही, पाणीवाली ताई आठवते. तिथं शाखा काढायची तर इनचार्ज कोण पाहिजे, हे आमच्या कुत्र्यालाही कळलं असतं.

आणि हीच बाई दादांच्या केबिनच्या दारात गेली की हिचा आवाज जातो. एकदा शाखेचं बोलायला आत गेली आणि दादांच्या चष्म्याची काच बदलायचं काम घेऊन बाहेर आली. दुसऱ्यांदा गेली आणि उद्घाटनाला पेढे किती लागतील ते विचारायचं काम घेऊन आली. स्वतःला पाहिजे त्या शाखेचे पेढे! मी म्हणालो, “ताई, पुढच्या बारीला नारळ पण तूच आणशील.”

ती म्हणाली, “तुला न्हाई कळायचं, इंजिनीअर.”

कळत नाही असं नाही. तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे. बारावीनंतर तीही कोयता धरून जाणार होती. दादा तिच्या बापाला म्हणाले, “पोरीला माझ्याकडं ठिव, फोन उचलंल.” तेवढ्या एका वाक्यावर तिचा कोयता सुटला. दादांचे उपकार आहेत, मान्य. पण आमच्याकडं उपकार म्हणजे तोंडाला बांधलेली मुसकी. बैलानं पीक खाऊ नये म्हणून बांधतात तशी. बांधणारा मोठ्या मनानं बांधतो, आणि सोडायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

* * *

गणपतमामा शोरूममध्ये यायच्या आधी हेड्या होते. म्हणजे बैलबाजारातले दलाल. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात घालतात, वरून उपरणं टाकतात आणि बोटांनी बोलतात. बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. चारचौघांत बसून सौदा होतो आणि शेजारच्याला पत्ता लागत नाही. उपरण्याखाली हात असताना तोंडानं अवाक्षर काढायचं नाही, हा नियम. आणि हात बाहेर आल्यावर आत काय झालं ते कुणाला सांगायचं नाही, हा दुसरा. “उपरण्याखालचं उपरण्याखाली,” मामा म्हणतात, जसं काही कोर्टाचं कलमच.

मामा जुने ट्रॅक्टरही तसेच घेतात. बॉनेट उघडून बैलाचे दात बघावे तसे बघतात, टायरवर थाप मारतात, चार पावलं मागं जाऊन चाल बघतात. मग गिऱ्हाइकाकडं हात पुढं करतात. मी छापलेलं कोटेशन टेबलावर फडफडत राहतं.

आता तुम्हाला वाटेल, जुनी माणसं, जुनं शहाणपण, वगैरे. थांबा. एकदा उमापूरकडचे एक पाटील एक्स्चेंजमधला जुना ट्रॅक्टर विकत घ्यायला आले. मामांनी उपरणं टाकलं. हात आत. पाटील खूश, मामा खूश, दोघांनी माना डोलावल्या. कागद करायला बसलो तर दोघांचे आकडे वेगळे. दोघं एकमेकांवर उखडले. “जबान देऊन फिरता काय?” मामा ओरडले.

मी म्हणालो, “मामा, जबान कुणी दिलीय? हात दाखवा म्हणावं त्यांना.”

पाटलांनी हात वर केला. कडबाकुट्टीत कधीतरी करंगळी गेलेली. मामांनी पंजा धरला तो पाच समजून, आणि पाटलांनी दिला तो त्यांच्या हिशोबानं चार!

शोरूममध्ये एवढे हसलो की दादाही केबिनबाहेर आले. पाटील सगळ्यात जास्त हसले. तेव्हापासून मामा आधी गिऱ्हाइकाचा हात हातात घेऊन, भविष्य बघावं तसा उलटासुलटा बघतात. मगच उपरणं टाकतात.

* * *

मध्यंतरी बातमी फुटली. दिंद्रुडला ऋषी बसणार. ऋषी म्हणजे दादांचा पुतण्या. पोरगा वाईट नाही, पण त्याला दिवसभर मोबाइलमधून मान वर काढायला लावणं म्हणजे विहिरीतून म्हैस काढणं.

माझं डोकं सरकलं. ट्रेनरनं शिकवलं होतं, मुद्दा थेट मांडा, ‘मला वाटतं’ असं म्हणा, डोळ्यात बघा. मी केबिनचं दार ढकललं आणि दादांच्या डोळ्यात बघून म्हणालो, “दादा, मला वाटतं तुमचं चुकतंय. ऋषीला ट्रॅक्टरची पुढची बाजू कुठली ते माहीत न्हाई. तुमी घरातलं माणूस म्हणून बसवायलात. ज्या बाईमुळं दिंद्रुडची गिऱ्हाइकं टिकलीत तिला तुमी चहा सांगायला ठिवलंय. तुमच्या पिढीचं हेच हाय. माणूस वळखायचा न्हाई, नातं वळखायचं!”

मला वाटलं, आता नोकरी गेली. गेली तर गेली.

दादा ‘हां, हां’ करत ऐकत होते. माझं झाल्यावर म्हणाले, “आवाज चांगला हाय रे तुझा.”

“काय?”

“खणखणीत हाय. दिंद्रुडच्या उद्घाटनाला सूत्रसंचालन तू कर.”

मी बाहेर आलो. चाचांनी विचारलं, “क्या हुआ?” मी सांगितलं. चाचा एवढे हसले की स्टूलवरून उठावं लागलं. म्हणाले, “बेटा, तू बोललास त्यातलं त्यांनी फक्त ऐकू किती येतं तेवढंच बघितलं.”

ते खरं आहे. मी रागावलो की लोक राग बघतात, मुद्दा बघत नाहीत. पण म्हणून मी राग सोडणार नाही, हेही लिहून ठेवतो. आणि सीमाताई मला काय म्हणाली ठाऊक आहे? “माझ्यासाठी बोललास, बरं वाटलं. पण आता मला बोलायला जागाच उरली न्हाई. त्यांना वाटंल मीच धाडलं तुला.”

मग आम्ही तालीम सुरू केली. दुपारी शोरूम रिकामं असताना मी दादा व्हायचो. ती समोर उभी राहायची. “दादा, मला दिंद्रुडची—”

“हां पोरी, बरी आठवण केलीस!” मी म्हणायचो.

“दादा, माझं ऐका, मला—”

“पेढ्याचं काय झालं?”

“दादा—”

“चहा सांग!”

ती चिडून म्हणाली, “अरे, मला बोलू तर देशील!”

“मी देईन,” मी म्हणालो, “दादा देतील का?”

मामा बाकावर बसून हे बघत होते. उपरण्यानं घाम पुसत म्हणाले, “पोरी, ह्या माणसाशी तोंडानं सौदा व्हायचा न्हाई. त्येचं तोंड मोठं हाय.”

ती मामांकडं बघत राहिली. मला वाटलं, घामाकडं बघतेय.

* * *

उद्घाटनाच्या आधीचा सोमवार. मीटिंग. मधे नवा ट्रॅक्टर, हार घातलेला, दिंद्रुडला जाणार म्हणून. दादांच्या बाजूला ऋषी, हातात शाखेच्या चाव्यांचा जुडगा आणि मोबाइल. दादा बोलले. ऊस झाला, पाऊस झाला, राजकारण दोनदा झालं. मग श्वास घेतला.

“कुणालाकाहीबोलायचंयकान्हाईना—”

सीमाताई पुढं आली. ट्रॅक्टरला वळसा घालून थेट दादांच्या बाजूला. तिकडं आमच्यापैकी कुणी कधी जात नाही.

“हां पोरी, बरी आठव—”

“मामा,” ती म्हणाली, “उपरणं.”

मामा गडबडले. “काय?”

“उपरणं द्या तुमचं.”

मामांनी खांद्यावरचं उपरणं काढून दिलं. तिनं ते झटकलं, स्वतःच्या उजव्या हातावर टाकलं आणि हात दादांसमोर धरला.

“दादा, हात द्या.”

ऋषीनंसुद्धा मान वर काढली!

“अगं, हे काय...” दादा म्हणाले. “गणपत, हे काय रे?”

मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “दादा, बाजारात बाईमाणसाचा हात कधी उपरण्याखाली आला न्हाई,” ते म्हणाले. मग सीमाताईकडं बघितलं. मग दादांकडं. “पण येऊ नये असा नियम पण न्हाई. आणि हात पुढं आल्यावर न्हाई म्हणतो त्येला बाजारात काय म्हणतेत, ते तुमाला माहीत हाय.”

दादांना माहीत होतं. त्यांनी आमच्याकडं बघितलं. आम्ही सगळे उभे. कुणीही ‘हो दादा’ म्हणालं नाही.

त्यांनी हात आत घातला.

उपरणं हललं. दादांच्या भुवया वर गेल्या.

“अगं पण तुझ्या बापाला मी—”

“दादा,” मामा म्हणाले, “हात आत हाय. तोंडानं बोलायचं न्हाई.”

दादांनी तोंड मिटलं. मी शपथेवर सांगतो, इतकी वर्षं ह्या माणसाकडं नोकरी करतोय, त्यांचं तोंड जागेपणी मिटलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

उपरणं पुन्हा हललं. सीमाताई थेट त्यांच्या डोळ्यात बघत होती. ट्रेनरनं बघायला पाहिजे होतं. दादांनी मान आडवी हलवली. तिनं हात काढला नाही. दादांच्या कपाळावर घाम आला. पुसायला उपरणं मोकळं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, मामांनी बोट वर केलं, त्यांनी तोंड मिटलं. उपरण्याखाली काहीतरी बराच वेळ चाललं होतं, कधी सावकाश, कधी झरझर. मामांची मान कोपरांबरोबर हलत होती, पण त्यांनाही काही लागत नव्हतं. बोटांना एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. मग एकदम दादांचा चेहरा असा झाला, की हसावं का रडावं ते ठरत नसावं.

उपरणं थांबलं.

दादांनी हात बाहेर काढला. ऋषीकडं न बघता म्हणाले, “चाव्या दे तिला.”

ऋषीनं दिल्या. मला वाटतं, त्याला जरा सुटल्यासारखंच झालं. सीमाताईनं उपरण्याची घडी घातली, मामांच्या खांद्यावर ठेवली, आणि फोन वाजत होता म्हणून टेबलाकडं गेली. “बोला दादा,” ती फोनमध्ये म्हणाली, “पाणी पिलात का?”

मामा तिच्यामागं पळाले. “पोरी, काय मागितलंस? किती धरलीस? कशाचं काय ठरलं?”

तिनं फोनवर हात ठेवला आणि मामांकडं नुसतं बघितलं. मामा कान पकडून परत आले.

दादा तिथंच उभे होते, उजवा हात डोळ्यांसमोर धरून, एकेक बोट उघडून बघत, पुन्हा मिटत. चाचांना राहवलं नाही. त्यांनी हार घातलेल्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पान्याने टकटक केलं.

“विचार बरं दादांना,” चाचा ट्रॅक्टरला म्हणाले, “आत काय झालं?”

दादांनी मूठ मिटली. ट्रॅक्टरकडं वळले. आणि जन्मात पहिल्यांदा, जेमतेम ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

“सांग चाचांना. उपरण्याखालचं उपरण्याखाली.”